गाडीचा हीटर पेट्रोल खातो का?

मी आठवीत असताना बाबांना एक चुकीची गोष्ट अगदी ठामपणे सांगितली होती. "एसी लावला की मायलेज कमी होतं ना? मग हीटर लावला तरी होणारच." बाबा सैन्यात क्लार्क आहेत. गाडीच्या इंजिनाशी त्यांचा संबंध टाकी भरण्यापुरता. मुलगा सायन्समध्ये हुशार, तो सांगतोय म्हणजे बरोबरच असणार, असं त्यांनी धरलं. त्या दिवसापासून आमच्या गाडीतला तो निळा-लाल नॉब कुणी लाल बाजूला फिरवला नाही.

त्या चुकीमुळे एकदा काय झालं आणि नंतर मला खरं काय कळलं, ते या लेखात सांगतो. आमच्या शाळेत मराठी वाचणारे मोजकेच आहेत. पण हिवाळ्यात मुलांना न्यायला-आणायला डोंगर चढून येणाऱ्या पालकांमध्ये आमच्यासारखे पठारावरचे बरेच असतात. हीटर कसा वापरायचा हे तिकडे कुणाला शिकावं लागत नाही, म्हणून हे त्यांच्यासाठी.

डिसेंबरातली ती संध्याकाळ

आम्ही मूळचे साताऱ्याचे. बाबांची बदली अंबाला छावणीत आहे. गेल्या वर्षी हिवाळी सुट्टीसाठी मला न्यायला बाबा, आई आणि धाकटी बहीण असे तिघंही आले होते. माझी ट्रंक भरायची राहिली होती, त्यामुळे त्यांना गेटबाहेर पाऊण तास थांबावं लागलं. त्या पाऊण तासात बाबांनी इंजिन चालूच ठेवलं. थंडीत गाडी पुन्हा सुरू झाली नाही तर काय, ही भीती. आणि हीटर मात्र बंद, कारण पेट्रोल वाचवायचं. आई शाल पांघरून आणि बहीण माझ्या जुन्या ब्लेझरमध्ये गुरफटून बसलेली.

आम्ही निघालो तेव्हा साडेचार वाजले होते. देवदारांच्या सावलीतल्या रस्त्यावर उजेड लवकर जातो. चार माणसं, सगळ्या काचा बंद, हवा येण्याची खिडकीही बंद. दहा मिनिटांत समोरची काच आतून पांढरी झाली. बाबा एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने फडक्याने काच पुसत होते. डाव्या बाजूची मी पुसत होतो. पुसलेला भाग मिनिटभरात पुन्हा पांढरा.

एका वळणावर समोरून बसचा हॉर्न ऐकू आला. बस दिसली ती हॉर्ननंतर. बाबांनी ब्रेक दाबला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. डावं चाक नालीच्या अगदी काठावर थांबलं. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढून एवढंच म्हटलं, की आधी काच साफ करा, मग गाडी चालवा.

गाडीत कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने आई म्हणाली, "अहो, लावा तो हीटर. जळू दे काय जळायचं ते पेट्रोल."

बाबांनी नॉब लाल बाजूला फिरवला, हवेचा झोत काचेवर सोडला. काच खालून वर हळूहळू साफ होत गेली. पाच मिनिटांत समोरचा सगळा रस्ता दिसायला लागला. मी गप्प होतो. हीटर बंद ठेवायचा सल्ला माझा होता, हे गाडीत सगळ्यांना माहीत होतं.

ऊब येते कुठून?

सुट्टी संपवून परत आल्यावर मी शाळेच्या गाड्या सांभाळणाऱ्या उस्तादांकडे गेलो. ते सैन्यात ड्रायव्हर होते, लडाखमध्ये त्यांनी अनेक हिवाळे काढलेत. हीटर लावल्यावर पेट्रोल किती जास्त लागतं, असं मी विचारलं. उत्तर न देता त्यांनी जीपचं बॉनेट उघडलं.

इंजिनाच्या मागच्या बाजूने दोन जाड रबरी नळ्या निघून डॅशबोर्डच्या दिशेने आत जात होत्या. इंजिन बंद करून उस्तादांनी मला हातमोजा घालून त्या चाचपायला लावल्या. दोन्ही गरम होत्या. एकीतून इंजिनातलं गरम पाणी आत जातं, दुसरीतून परत येतं. (पाणी म्हणजे कूलंट. त्यात गोठणरोधक द्रव मिसळलेला असतो. अर्धं पाणी, अर्धं इथिलीन ग्लायकॉल असं मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासही गोठत नाही.) डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर असतो, वहीएवढ्या आकाराचा. गरम कूलंट त्यातून फिरतं, ब्लोअरचा पंखा त्याच्यावरून हवा ढकलतो, आणि तीच हवा आपल्याला लागते. झाला हीटर. त्यात वेगळं काही जळत नाही.

आता प्रश्न असा, की इंजिनात एवढी उष्णता येते कुठून? पेट्रोल जळतं तेव्हा त्यातली सगळी ऊर्जा चाकांपर्यंत जात नाही. ढोबळमानाने तीन वाटण्या होतात. एक वाटा गाडी चालवायला, एक सायलेन्सरमधून बाहेर, आणि एक कूलंटमध्ये. हा तिसरा वाटा एरवी पुढचा मोठा रेडिएटर हवेत फेकून देतो. हीटर त्यातलाच थोडा भाग आत वळवतो. म्हणजे त्या उष्णतेचे पैसे आपण पंपावर आधीच भरलेले असतात.

हे मी एका रविवारी फोनवर बाबांना सांगितलं. बाबा क्षणभर थांबले आणि मोठ्याने हसले. त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना जीप तापली, की त्यांच्या ओळखीचा ड्रायव्हर भर उन्हात हीटर पूर्ण उघडायचा. आत बसलेले लोक घामाने भिजायचे, पण इंजिनाचा काटा खाली यायचा. बाबा म्हणाले, "म्हणजे हीटर इंजिनाची उष्णता काढून घेतो, हे मला तेव्हापासून माहीत होतं. फक्त थंडीत आठवलं नाही."

काट्याची परीक्षा

ज्यांना अजून खात्री वाटत नसेल, त्यांनी एक सोपी परीक्षा करून पाहावी. गाडी मोकळ्या जागी, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये उभी करा. इंजिन पुरेसं गरम झालेलं असू द्या. आता इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवा. एसी सुरू केला, की बहुतेक गाड्यांत "टक्" असा आवाज येतो आणि काटा हलतो. इंजिनाला नवीन ओझं ओढायला लागलं, त्याची ती खूण. (कडाक्याच्या थंडीत एसीचा काँप्रेसर सुरूच होत नाही, तेव्हा ही परीक्षा जरा उबदार दिवशी करावी.) एसी बंद करा. आता तापमानाचा नॉब निळ्याकडून पूर्ण लाल बाजूला फिरवा. काटा जागचा हलत नाही.

ब्लोअरच्या पंख्याला वीज लागते हे खरं. पूर्ण जोरात तो साधारण दीडशे-दोनशे वॅट घेतो, मधल्या वेगावर त्याहून बराच कमी. ती वीज अल्टरनेटर बनवतो आणि अल्टरनेटर इंजिनावर फिरतो, म्हणून थोडंसं पेट्रोल त्यात जातं. पण एसीच्या काँप्रेसरला हजार वॅटच्या पुढे ताकद लागू शकते. माझी चूक इथेच होती. नॉब शेजारी-शेजारी आहेत म्हणून खर्चही सारखाच असेल, असं मी मानलं होतं.

मग पेट्रोल जातं कशात?

ते जातं उभ्या गाडीत. छोटी पेट्रोल गाडी नुसती चालू ठेवली, तर तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळते. त्या दिवशी गेटबाहेर पाऊण तासात अर्धा लिटर तरी गेलं असेल, आणि त्यातून कुणाला ऊबही मिळाली नाही. जिथे काही वाचणार नव्हतं तिथे आम्ही वाचवत होतो आणि जिथे वाचलं असतं तिथे जाळत होतो.

समजा हीटर लावून थांबलो असतो, तरी फारसं भागलं नसतं. त्याचं गणित मी प्रेपमध्ये मांडून पाहिलं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. गाडी ताशी ३० किलोमीटर वेगाने चालली आणि लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर तासाला २ लिटर म्हणजे ६४ मेगाज्यूल. सेकंदांवर नेलं, की सुमारे १८ किलोवॅट. त्याचा तिसरा वाटा कूलंटमध्ये, म्हणजे ६ किलोवॅट. दोन रॉडचा रूम हीटर २ किलोवॅटचा असतो, तसे तीन हीटर झाले. आता उभी गाडी घेऊ. तासाला ०.६ लिटर धरलं, तर एकूण सव्वापाच किलोवॅट, आणि तिसरा वाटा पावणेदोन. एक रूम हीटरही पुरा होत नाही. उभ्या गाडीचा हीटर कोमट का वाटतो, ते यावरून कळतं. इंजिन उभं राहून तापत नाही, चालून तापतं. आम्हीही पहाटेच्या पी.टी.ला तसेच तापतो.

म्हणून सकाळी गाडी सुरू करून दहा मिनिटं "गरम व्हायला" सोडून देण्याची गरज नाही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना अर्धं-एक मिनिट पुरतं. बाहेरच्या काचांवरचं दव किंवा बर्फ आधी पूर्ण साफ करायचं, गाडी सुरू करायची आणि पहिले काही किलोमीटर सावकाश, इंजिनावर जोर न टाकता न्यायची. काचेवर उकळतं पाणी मात्र ओतायचं नाही, काच तडकते.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. पहिल्या काही मिनिटांत हीटरची ऊब पूर्ण फुकट नसते. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. अशा वेळी आपण हीटर जोरात लावला, तर इंजिनाची जमत आलेली उष्णता आपणच पळवतो आणि त्याला तापायला जास्त वेळ लागतो. आपल्यालाही गार वाराच मिळतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत इंजिन थंड असताना एक निळा दिवा दिसतो. तो विझेपर्यंत काच साफ असेल, तर ब्लोअर बंद किंवा अगदी हळू ठेवावा. काच धुरकट असेल, तर मात्र हा नियम विसरायचा. तेव्हा पेट्रोलचा विचारच करायचा नाही.

थंडीत टायरमधली हवाही आकसते. तापमान १० अंशांनी उतरलं, तर दाब साधारण दोन पीएसआयने कमी होतो. पठारावर भरलेली हवा डोंगरावर पहाटे कमी भरते आणि टायर दबलेला असला की गाडी जड चालते. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासली, तर हीटर बंद ठेवून कधीच वाचणार नाही इतकं पेट्रोल वाचेल.

काच पांढरी का होते?

आपल्या प्रत्येक श्वासात वाफ असते. चार माणसांच्या श्वासातली वाफ बंद गाडीत साठते आणि गार काचेला लागली की तिचं दव होतं. मेसमध्ये चहाच्या किटलीजवळची खिडकी धुरकट होते, तसंच. फडक्याने पुसणं म्हणजे गळणाऱ्या नळाखालची फरशी पुसणं. वाफ येतच राहते.

खरा उपाय दोन गोष्टींचा आहे. एक, बाहेरची हवा आत येऊ द्यायची. डॅशबोर्डवर गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असतो, ते बटण आतलीच हवा पुन्हा फिरवतं. थंडीत काच धुरकटली की ते बंद करायचं. बाहेरची हवा गार असली तरी तिच्यात वाफ कमी असते. दोन, गरम झोत समोरच्या काचेवर सोडायचा. गरम काचेवर दव धरत नाही. फारच घाई असेल, तर दोन मिनिटं एसीही सुरू करावा. एसी हवेतली वाफ काढून घेतो आणि हीटर तीच हवा गरम करतो. दोन्ही एकाच वेळी चालू, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण काच सर्वांत लवकर अशीच साफ होते. या दोन मिनिटांचं पेट्रोल वाचवायचं नसतं. मागच्या काचेवरच्या बारीक तारांना मात्र बरीच वीज लागते, म्हणून काच साफ झाली की ते बटण लगेच बंद करावं.

थांबलेली गाडी आणि झोप

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. उस्तादांनी तो मला दोनदा ऐकवला आणि माझ्याकडून वदवून घेतला.

बर्फात रस्ता बंद होऊन गाडी अडकली, की सगळे काचा बंद करून, इंजिन आणि हीटर लावून झोपतात. सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं, तर हा वायू गाडीखाली साठतो आणि फटींतून आत शिरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. थंडीने आणि दमल्याने झोप येतेय असंच माणसाला वाटतं. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावाजवळ रात्रभर बर्फ पडला आणि शेकडो गाड्या अडकल्या. गाड्यांमध्ये २० हून अधिक माणसं दगावली, त्यात लहान मुलंही होती. थंडीबरोबर या वायूनेही त्यातले काही बळी घेतले, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं.

उस्तादांनी सांगितलेला नियम असा. अडकलात तर आधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, आणि बर्फ पडत असेल तर पुन्हापुन्हा काढा. इंजिन तासातून दहा मिनिटंच चालवा, तेवढ्यात हीटर लावून गाडी गरम करून घ्या. त्या वेळी वाऱ्याच्या उलट्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. एकाने जागं राहायचं, पहाऱ्यावर राहतात तसं. बाकीचा वेळ इंजिन बंद आणि अंगावर सगळे कपडे. यात पेट्रोलही वाचतं, आणि मदत यायला रात्र लागली तरी ते पुरतं. बंद गॅरेजमध्येही इंजिन कधीच चालू ठेवायचं नाही.

विजेच्या गाडीचं काय?

काही पालक आता विजेवरच्या गाड्या आणतात. तिथे हिशेब उलटा आहे. विजेची मोटर फारशी तापत नाही, त्यामुळे फुकटची उष्णता जवळजवळ नसते. हीटर थेट बॅटरीतून वीज घेतो आणि थंडीत एका चार्जिंगमध्ये गाडी कमी अंतर जाते. अशा गाडीत निघण्यापूर्वी, चार्जर लावलेला असतानाच आतली हवा गरम करून घ्यावी. सीट गरम करायची सोय असेल, तर आधी ती वापरावी, तिला हीटरपेक्षा खूपच कमी वीज लागते. म्हणजे माझं आठवीतलं वाक्य विजेच्या गाडीपुरतं बरोबर होतं. फक्त आमची गाडी पेट्रोलची आहे.

आमच्या गाडीतलं कार्ड

दिवाळीच्या सुट्टीत मी एका कार्डावर पाच ओळी लिहून ते समोरच्या कप्प्यात ठेवलं.

१. थांबलो, तर इंजिन बंद.
२. निघण्याआधी सगळ्या काचा आतून-बाहेरून साफ.
३. निळा दिवा विझला, की हीटर बिनधास्त.
४. काच धुरकटली, तर बाहेरची हवा आणि गरम झोत काचेवर. फडकं नाही.
५. चालू इंजिनाच्या गाडीत कुणी झोपायचं नाही.

सुट्टी संपल्यावर मला सोडायला आले तेव्हा वर चांगलीच थंडी होती. घाटात हीटर चालू होता आणि आईची शाल मागच्या सीटवर घडी करून ठेवलेली होती. गेटपाशी पोचल्यावर बाबांनी लगेच इंजिन बंद केलं. मी ट्रंक उतरवत असताना ते नेहमीप्रमाणे डायरीत किलोमीटर लिहीत होते. प्रत्येक टाकीचा हिशेब ते तिथे ठेवतात. लिहून झाल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळी काही सांगायचं असेल, तर आधी बॉनेट उघडून बघ."

मी "येस सर" म्हणालो. ते हसले. पण मी गंमत करत नव्हतो.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी